रेणवीय घड्याळ आणि वनस्पतींच्या वंशशाखांचे कालमापन : तृणकुलाच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : रेणवीय घड्याळ, वंशवृक्ष, विलगनकाल, अंशांकन, जीवाश्म, तृणकुल, पिसदुरा

प्रस्तावना :

ज्वारी, भात, ऊस आणि बांबू या चार वनस्पती शेतकऱ्याच्या दृष्टीने अगदी भिन्न असल्या तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्या एकाच तृणकुलातील आहेत. याचा अर्थ असा की, भूतकाळात केव्हा तरी या सर्वांचा पूर्वज एकच होता आणि पुढे त्याच्या वंशाला फाटे फुटत गेले. हे फाटे कोणत्या क्रमाने फुटले हा वंशवृक्षाचा प्रश्न होय; ते केव्हा फुटले हा कालमापनाचा प्रश्न होय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही दशकांत डीएनएच्या तौलनिक अभ्यासातून बऱ्याच खात्रीने मिळाले आहे. दुसऱ्या प्रश्नाची स्थिती तशी नाही. भात आणि ज्वारी यांच्या शाखा परस्परांपासून केव्हा विलग झाल्या, या एकाच प्रश्नाला सुमारे ५.१ ते ५.५ कोटी वर्षांपूर्वी आणि सुमारे ७.४ ते ८.२ कोटी वर्षांपूर्वी अशी दोन उत्तरे एकाच शोधनिबंधात शेजारी शेजारी दिलेली आढळतात, आणि दोन्ही तितक्याच काटेकोर गणिताने काढलेली आहेत.

हा फरक केवळ तपशिलाचा नाही. डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाले. पहिले उत्तर खरे मानल्यास भात आणि ज्वारी यांच्या शाखा डायनोसॉरनंतरच्या, सस्तन प्राण्यांच्या युगात वेगळ्या झाल्या असे ठरते. दुसरे खरे मानल्यास त्या डायनोसॉरच्या पायांखालीच वेगळ्या झाल्या होत्या. गवताळ प्रदेशांचा उदय, चरणाऱ्या प्राण्यांची उत्क्रांती आणि प्राचीन हवामानाशी पिकांच्या पूर्वजांचे असलेले नाते या सर्वांचे अर्थ या एका आकड्यानुसार बदलतात. असे दोन आकडे का संभवतात, रेणवीय पुरावा नेमके काय मोजतो आणि काय मोजू शकत नाही, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रेणवीय घड्याळाची संकल्पना :

एमिल झुकरकँडल आणि लायनस पॉलिंग यांनी १९६२ मध्ये निरनिराळ्या प्राण्यांच्या हिमोग्लोबिन या प्रथिनाची तुलना केली. दोन प्राण्यांच्या शाखा जितक्या पूर्वी विलग झाल्या असतील तितका त्यांच्या प्रथिनांतील अमिनो आम्लांचा फरक अधिक असतो, असे त्यांना दिसून आले. याच विचाराला त्यांनी १९६५ मध्ये ‘रेणवीय घड्याळ’ असे नाव दिले. जपानी आनुवंशशास्त्रज्ञ मोतू किमुरा यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या तटस्थ उत्क्रांतीच्या सिद्धांताने या कल्पनेला सैद्धांतिक आधार मिळाला. रेणूंच्या पातळीवर टिकून राहणारे बहुसंख्य बदल सजीवाला विशेष उपकारकही नसतात आणि अपायकारकही नसतात. त्यामुळे नैसर्गिक निवड त्यांना स्पर्श करीत नाही आणि ते उत्परिवर्तनाच्या वेगाने साचत जातात, असे या सिद्धांताचे सार आहे.

येथे घड्याळ हा शब्द थोडा सावधपणे घेतला पाहिजे. भिंतीवरील घड्याळाचा काटा ठरावीक अंतराने पुढे सरकतो. रेणवीय घड्याळाचे स्वरूप किरणोत्सारी पदार्थाच्या ऱ्हासासारखे आहे. पुढील बदल केव्हा होईल हे सांगता येत नाही, परंतु दीर्घ काळात साधारण किती बदल होतील याचा अंदाज करता येतो. तथापि किरणोत्सारी ऱ्हासाचा वेग निसर्गनियमाने निश्चित असतो. रेणवीय बदलांचा वेग तसा निश्चित नसतो. पुढील सर्व अडचणींचे मूळ या एका फरकात आहे.

वनस्पतीपेशीतील तीन जनुकसंच :

वनस्पतीच्या पेशीत डीएनए तीन ठिकाणी असतो : केंद्रकात, हरितलवकात आणि तंतुकणिकेत. या तिन्ही ठिकाणी बदल साचण्याचा वेग सारखा नाही. केनेथ वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की, प्रथिनाच्या रचनेवर परिणाम न करणाऱ्या बदलांचा विचार केल्यास हरितलवकातील डीएनएचा वेग केंद्रकातील डीएनएच्या सुमारे निम्मा असतो आणि तंतुकणिकेतील वेग हरितलवकाच्या एकतृतीयांशाहूनही कमी असतो. प्राण्यांमध्ये तंतुकणिकेतील डीएनए झपाट्याने बदलतो; वनस्पतींमध्ये तो सर्वांत मंद आहे. म्हणून प्राण्यांसाठी ठरविलेले आकडे वनस्पतींना लावता येत नाहीत.

अभ्यासकांनी बराच काळ हरितलवकातील डीएनएवर भर दिला, याची कारणे व्यावहारिक आहेत. प्रत्येक पेशीत त्याच्या असंख्य प्रती असतात, त्याची रचना आटोपशीर असते आणि बहुतेक सपुष्प वनस्पतींत तो केवळ मातृवंशाकडून येतो. प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायॉक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या विकराचा मोठा घटक घडविणारे आरबीसीएल हे जनुक या अभ्यासाचा पाया ठरले. मार्क चेस आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बीजधारी वनस्पतींतील या जनुकाच्या ४९९ क्रमांची तुलना करून वंशवृक्ष मांडला. सपुष्प वनस्पतींच्या आजच्या वर्गीकरणाची पायाभरणी अशा कामांतून झाली. पुढे क्रमवाचनाचे तंत्र स्वस्त व जलद झाल्यावर संपूर्ण हरितलवकी जनुकसंच आणि केंद्रकातील शेकडो जनुके एकाच वेळी तुलनेसाठी उपलब्ध झाली.

अंतरापासून काळापर्यंत :

रेणवीय कालमापनाचे मूळ गणित सोपे आहे. ते एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन वनस्पतींच्या एकाच जनुकातील १,००० स्थानांची तुलना केली असता ६० स्थाने भिन्न आढळली असे समजू. दिसणारा फरक ०.०६ आहे. परंतु एकाच स्थानी दोनदा बदल झाला असल्यास पहिला बदल झाकला जातो. म्हणून दिसणारा फरक प्रत्यक्ष फरकापेक्षा नेहमी थोडा कमी असतो. ज्यूक्स आणि कँटर यांनी १९६९ मध्ये दिलेल्या सूत्राने ही त्रुटी दुरुस्त केली असता प्रत्यक्ष अंतर सुमारे ०.०६२५ येते. फाटा फुटल्यापासून दोन्ही शाखा स्वतंत्रपणे बदलत आल्या असल्याने हे अंतर दोघींनी मिळून कापलेले असते. म्हणून अंतर हे वेग आणि काळ यांच्या गुणाकाराच्या दुपटीएवढे असते.

या एका समीकरणात वेग आणि काळ अशी दोन अज्ञाते आहेत. डीएनएकडून केवळ त्यांचा गुणाकार कळतो. मंद गतीने दीर्घ काळ चालणारा आणि जलद गतीने अल्प काळ चालणारा असे दोन वाटसरू सारखेच अंतर कापू शकतात. केवळ अंतर पाहून त्यांना वेगळे ओळखता येत नाही. काळ जाणण्यासाठी वेग बाहेरून कळावा लागतो आणि वेग कळण्यासाठी निदान एका फाट्याचा काळ अन्य पुराव्याने ठाऊक असावा लागतो. या क्रियेला अंशांकन म्हणतात.

वरील दोन वनस्पतींचे विलगन ५ कोटी वर्षांपूर्वी झाले असे जीवाश्मावरून मानले, तर प्रत्येक स्थानामागे दर कोटी वर्षांत ०.००६२५ बदल असा वेग मिळतो. आता त्याच वंशवृक्षातील दुसऱ्या एका जोडीत १,००० पैकी ३० स्थाने भिन्न असतील, तर दुरुस्त अंतर ०.०३०६ येते आणि तिचा विलगनकाल सुमारे २.४५ कोटी वर्षे ठरतो. पुढे पहिल्या जोडीचा ७ कोटी वर्षे जुना जीवाश्म सापडला असे समजू. वेग लगेच ०.००४४६ पर्यंत उतरतो आणि दुसऱ्या जोडीचा काळ, तिच्या डीएनएत एका अक्षराचाही फरक न पडता, सुमारे ३.४ कोटी वर्षांवर जातो. एका दगडाने संपूर्ण वृक्षाच्या तारखा बदलतात. प्रस्तुत विषयाचे मर्म या साध्या हिशेबात आहे.

वेगातील विषमता आणि शिथिल घड्याळे :

सर्व शाखांचा वेग सारखा असता तर एक विश्वसनीय जीवाश्म पुरेसा झाला असता. प्रत्यक्षात वेगात मोठी विषमता आढळते. वर्षभरात जीवनचक्र पूर्ण करणाऱ्या औषधी वनस्पतींच्या पिढ्या झपाट्याने बदलतात. वृक्षांना फुलण्यासाठी अनेक वर्षे लागतात. स्टीफन स्मिथ आणि मायकेल डोनोग्यू यांनी २००८ मध्ये सपुष्प वनस्पतींच्या अनेक गटांची तुलना करून असे दाखविले की, वृक्ष व झुडपे यांच्या शाखांत रेणवीय बदलांचा वेग त्यांच्या औषधी नातेवाइकांपेक्षा सातत्याने कमी असतो. एकदल वनस्पतींमध्ये गवतांचे आरबीसीएल जनुक ताड-माडांच्या त्याच जनुकापेक्षा कित्येक पट वेगाने बदलले आहे, हे १९९२ मध्येच ब्रँडन गाउट आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आले होते. ताडाचे घड्याळ गवताला लावल्यास गवत वास्तवापेक्षा फार जुने भासेल, आणि गवताचे ताडाला लावल्यास ताड फार तरुण भासेल.

सुरुवातीच्या प्रयत्नांतील विसंगतींमागे असे प्रश्न होते. एकदल आणि द्विदल वनस्पतींच्या विलगनाचे दोन अंदाज १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. वुल्फ आणि सहकाऱ्यांनी हरितलवकातील डीएनएवरून तो सुमारे २० कोटी वर्षे, कमी-अधिक ४ कोटी वर्षे, असा काढला. विल्यम मार्टिन आणि सहकाऱ्यांनी केंद्रकातील एका जनुकावरून तो ३० कोटी वर्षांहून अधिक काढला. सपुष्प वनस्पतींचे निर्विवाद परागकण मात्र सुमारे १३.५ कोटी वर्षांपेक्षा जुन्या थरांत आढळत नव्हते.

या अडचणीवर उपाय म्हणून ‘शिथिल घड्याळां’च्या पद्धती विकसित झाल्या. त्यांत प्रत्येक शाखेला स्वतःचा वेग असण्याची मुभा असते. मात्र ती मुभा काही नियमांनी बांधलेली असते. मायकेल सँडरसन यांनी १९९७ आणि २००२ मध्ये मांडलेल्या पद्धतींत मातृशाखेचा वेग कन्याशाखेकडे वारशाने येतो आणि हळूहळूच बदलतो असे गृहीत धरले जाते. अलेक्सी ड्रमंड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक शाखेचा वेग शेजारच्या शाखेपासून स्वतंत्र मानला जातो. ही दुसरी पद्धत बेझच्या संभाव्यता-सिद्धांतावर आधारलेली असून तिचे उत्तर एका आकड्यात न येता संभाव्य तारखांच्या पट्ट्यात येते. तारखेबरोबर तिच्या अनिश्चिततेची मर्यादाही दिली जाते, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. परंतु कोणते गृहीतक स्वीकारावे हे अभ्यासकालाच ठरवावे लागते, आणि त्या निवडीचा परिणाम तारखेवर होतो.

अंशांकनाचे आधार :

अंशांकनाचा मुख्य आधार जीवाश्म होय. जीवाश्माचे वय तो ज्या थरात सापडतो त्या थरावरून ठरते. थरालगतच्या ज्वालामुखी खडकांतील किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून थराचे वय वर्षांत सांगता येते. मात्र जीवाश्म केवळ किमान वय सांगतो. एखाद्या कुलाचे फळ ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या थरात आढळले, तर ते कुल निदान तितके जुने आहे एवढेच सिद्ध होते; ते त्याहून किती जुने आहे हे कळत नाही. कमाल मर्यादा ठरविण्यासाठी जीवाश्मांच्या अभावाचा आधार घ्यावा लागतो, आणि अभावावरून केलेले अनुमान नेहमीच दुबळे असते.

दुसरी अडचण जीवाश्माच्या वृक्षातील स्थानाची आहे. आज जिवंत असलेल्या सर्व जातींच्या शेवटच्या समान पूर्वजापासून पुढचा भाग म्हणजे वृक्षाचा माथा. त्या पूर्वजापर्यंत येणारी, आता नामशेष झालेल्या नातेवाइकांची रेषा म्हणजे खोड. खोडावरचा जीवाश्म चुकून माथ्यात बसविला, तर सर्व फाटे अकारण मागे ढकलले जातात. म्हणून जीवाश्मात कोणती लक्षणे टिकून आहेत आणि ती कोणत्या शाखेची खूण आहेत हे बारकाईने पाहावे लागते. द्राक्षकुलाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दख्खनच्या लाव्हाथरांमधील चर्ट खडकांत आढळलेल्या फळांचे व बियांचे वर्णन स्टीव्हन मँचेस्टर, भंडारा येथील दशरथ कापगते आणि जुन वेन यांनी २०१३ मध्ये केले. द्राक्षकुलाच्या बीची विशिष्ट ठेवण त्यांत स्पष्ट दिसते. नागपूर येथे दीर्घकाळ काम केलेल्या पुरावनस्पतिशास्त्रज्ञ शा. चितळे यांच्या स्मरणार्थ या जीवाश्माला ‘इंडोव्हायटिस चितळेयी’ असे नाव देण्यात आले. सुमारे ६.६ कोटी वर्षांची ही फळे त्या कुलाची तोवर ज्ञात असलेली सर्वांत जुनी फळे ठरली.

जीवाश्म नसतील तेथे भूगोलाचा आधार घेण्याची प्रथा आहे. एखादे बेट अमुक काळी समुद्रातून वर आले किंवा दोन खंड अमुक काळी दुरावले, तर तेथील वनस्पतींचे फाटेही त्याच सुमारास फुटले असावेत, असे मानले जाते. या युक्तिवादात चक्रापत्तीचा धोका आहे. दक्षिण गोलार्धातील नोथोफॅगस या वृक्षांचे विखुरलेले अस्तित्व गोंडवन खंडाच्या भंगाचा नमुनेदार परिणाम म्हणून पाठ्यपुस्तकांत दिले जात असे. लिन कुक आणि मायकेल क्रिस्प यांनी २००५ मध्ये जीवाश्मांच्या आधारे तारखा काढल्या, तेव्हा ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील शाखांचे विलगन त्या भूभागांच्या विलगनापेक्षा बरेच अलीकडचे ठरले. म्हणजे बिया समुद्र ओलांडून गेल्या असल्या पाहिजेत. खंडभंगाची तारीख अंशांकनासाठी आधीच वापरली असती, तर हा निष्कर्ष कधीच हाती आला नसता. जे सिद्ध करावयाचे ते गृहीत धरू नये, हा तर्कशास्त्राचा नियम येथेही लागू आहे.

आधीच्या रेणवीय अभ्यासातून निघालेली तारीख पुढच्या अभ्यासात अंशांकनासाठी वापरणे हीदेखील प्रचलित पण धोक्याची पद्धत आहे. मूळ तारखेचा अनिश्चिततेचा पट्टा गळून पडतो आणि केवळ मधला आकडा पुढे जातो. डॅन ग्राउर आणि विल्यम मार्टिन यांनी २००४ मध्ये अशा उसन्या अचूकतेवर कठोर टीका केली होती.

पिसदुरा येथील पुरावा आणि तृणकुलाचे वय :

तृणकुलात सुमारे ११ ते १२ हजार जाती असूनही त्याचे जीवाश्म विरळ आहेत. गवताची पाने नाजूक असतात, ती सहज कुजतात. परागकण वाऱ्याने दूरवर पसरतात, परंतु त्यांच्यावरून कुलातील शाखा ओळखणे कठीण असते. विसाव्या शतकाच्या अखेरीस गवताचे सर्वांत जुने ठळक अवशेष म्हणून अमेरिकेतील टेनेसी राज्यात मिळालेली, सुमारे ५.५ कोटी वर्षांपूर्वीची कणिशके मानली जात. परागकणांचा पुरावा जोडून या कुलाचा उगम ५.५ ते ७ कोटी वर्षांच्या दरम्यान झाला असावा असे सर्वसाधारण मत होते.

या मताला धक्का चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यातल्या पिसदुरा या गावाने दिला. तेथील लॅमेटा थरांत डायनोसॉरच्या हाडांबरोबर त्यांची अश्मीभूत विष्ठा विपुल आढळते. चार्ल्स मॅटली यांनी १९३९ मध्येच तिचे वर्णन केले होते. वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी या विष्ठेतील सूक्ष्म अवशेषांचा अभ्यास करून २००५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वनस्पतींच्या पेशींत साचलेल्या सिलिकाचे सूक्ष्म खडे म्हणजे फायटोलिथ. पान कुजले, जळले वा पोटात पचले तरी हे खडे टिकून राहतात आणि त्यांचा आकार वनस्पतीनुसार वेगळा असतो. पिसदुरा येथील विष्ठेत सूचिपर्णी, द्विदल व ताडवर्गीय वनस्पतींच्या अवशेषांबरोबर गवताचे फायटोलिथही मिळाले, आणि ते आजच्या तृणकुलातील वेगवेगळ्या शाखांच्या निदान पाच प्रकारांचे होते. प्रमाण अल्प असले तरी अर्थ मोठा होता. क्रिटेशस कालखंड संपण्यापूर्वीच तृणकुल केवळ जन्मलेले नव्हते, तर त्याला अनेक फाटे फुटलेले होते. त्याच थरांतील फायटोलिथ आणि पानाच्या बाह्यत्वचेचे तुकडे भाताच्या गणातील असल्याचे २०११ मध्ये प्रसाद आणि सहकाऱ्यांनी दाखविले. त्यांचे वय ६.७ ते ६.५ कोटी वर्षे दिले आहे.

भाताची शाखा इतकी जुनी असेल, तर भात आणि ज्वारी यांच्या शाखांचा फाटा त्याहून जुना असलाच पाहिजे. पास्कल-अँटॉइन क्रिस्टिन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हा प्रश्न पद्धतशीरपणे तपासला. केवळ ठळक जीवाश्म वापरून अंशांकन केल्यास या फाट्याचे वय ५.१ ते ५.५ कोटी वर्षे येते. सूक्ष्मजीवाश्म समाविष्ट केल्यास तेच ७.४ ते ८.२ कोटी वर्षे होते. प्रस्तावनेत उल्लेखिलेले दोन आकडे ते हेच. याच अभ्यासात आणखी एक बाब स्पष्ट झाली. तृणकुलाच्या आरंभी हरितलवकातील बदलांचा वेग एकदम वाढला आणि नंतरच्या शाखांत तो पुन्हा मंदावला. वेग वारशाने येतो असे मानणाऱ्या पद्धती अशा चढउतारामुळे दिशाभूल करतात. केंद्रकातील जनुकांत ही विषमता कमी असल्याने ती अधिक उपयुक्त ठरतात. म्हणजे जनुकांची निवड सुधारून घड्याळातील दोष काही प्रमाणात दूर करता येतो. परंतु कोणता जीवाश्म कोठे बसवावा या प्रश्नाचे उत्तर अधिक डीएनए वाचून मिळत नाही.

फायटोलिथच्या पुराव्यावर आक्षेपही आहेत. सारखा आकार दोन शाखांत स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकतो. शिवाय आज नामशेष असलेल्या खोडावरच्या गवतांतही तो असू शकेल. यामुळे काही अभ्यासक हा पुरावा अंशांकनातून वगळतात. तथापि चीनमधील गान्सू प्रांतात सापडलेल्या इक्विज्युबस या शाकाहारी डायनोसॉरच्या दातांवरून गवताची बाह्यत्वचा व फायटोलिथ मिळाल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या थरांचे वय ११.३ ते १०.१ कोटी वर्षे मानले जाते. क्रिटेशस काळात गवते अस्तित्वात होती, या निष्कर्षाला त्यामुळे स्वतंत्र दुजोरा मिळाला आहे.

तारखेचे परिणाम : सी-४ प्रकाशसंश्लेषण :

ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस ही पिके सी-४ या विशेष प्रकारचे प्रकाशसंश्लेषण करतात. त्यांच्या पानांत कार्बन डायॉक्साइड प्रथम एका पेशीत पकडला जातो आणि नंतर दुसऱ्या पेशीत रुबिस्कोजवळ दाट केला जातो. उष्ण हवामानात आणि कार्बन डायॉक्साइड कमी असताना ही व्यवस्था लाभदायक ठरते. तृणकुलात ती वीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाली आहे. ती का निर्माण झाली, याचे प्रचलित उत्तर वातावरणाशी जोडलेले आहे. क्रिस्टिन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये गवतांतील सर्वांत जुना सी-४ उगम ३.२ ते २.५ कोटी वर्षांच्या दरम्यान दाखविला होता. ऑलिगोसीन काळात वातावरणातील कार्बन डायॉक्साइड घटला तोच हा काळ, म्हणून ती घट हे कारण असावे असे अनुमान निघाले.

परंतु पिसदुरा येथील पुरावा अंशांकनात धरल्यास वृक्षातील सर्वच फाटे मागे सरकतात. मग सी-४चे सर्वांत जुने उगम कार्बन डायॉक्साइडच्या त्या घटीपूर्वीचे ठरण्याची शक्यता निर्माण होते आणि कार्यकारणभाव सैल होतो. कारण कार्य कारणाच्या आधी घडू शकत नाही. येथे उगम आणि प्रसार यांत भेद करणेही आवश्यक आहे. शिवालिक थरांतील प्राचीन मातीच्या कार्बन समस्थानिकांवरून सी-४ गवतांचा मोठा प्रसार सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी झाल्याचे दिसते. हा पुरावा रेणवीय घड्याळावर अवलंबून नाही, म्हणून तो कोणत्याही अंशांकनाने हलत नाही. उगम कितीही जुना ठरला तरी गवताळ प्रदेश पसरले ते फार नंतर.

सपुष्प वनस्पतींच्या उगमाचा प्रश्न :

तृणकुलात जे लहान प्रमाणावर दिसते तेच सपुष्प वनस्पतींच्या संपूर्ण विस्तारात मोठ्या प्रमाणावर दिसते. क्रिटेशस थरांत या वनस्पती एकाएकी आणि विविध रूपांत अवतरतात, ही गोष्ट चार्ल्स डार्विन यांना अत्यंत त्रासदायक कोडे वाटत होती. जोसेफ हूकर यांना १८७९ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी तसे नमूद केले आहे. निकलास विकस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये रेणवीय पुराव्यावरून हा उगम १५.८ ते १७.९ कोटी वर्षांदरम्यान, म्हणजे ज्युरासिक काळात ठेवला. २०१९ मध्ये २,८८१ हरितलवकी जनुकसंचांच्या अभ्यासाने तो ट्रायासिक काळाच्या अखेरीस नेला. निर्विवाद जीवाश्म मात्र अद्याप क्रिटेशसच्या आरंभापलीकडे जात नाहीत. मधल्या काळात या वनस्पती दुर्मीळ होत्या म्हणून सापडत नाहीत, की घड्याळच पुढे-मागे झाले आहे, या दोन पर्यायांत निर्णय झालेला नाही.

लंडनमधील क्यू येथील राजकीय वनस्पती उद्यानाच्या पुढाकाराने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. त्यात केंद्रकातील ३५३ जनुके, सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ६० टक्के प्रजाती आणि २०० जीवाश्म वापरण्यात आले. एवढी सामग्री असूनही संशोधकांनी एकच तारीख जाहीर केली नाही. उगमाची कमाल मर्यादा १५.४ कोटी वर्षे धरून एक आणि २४.७ कोटी वर्षे धरून दुसरा, असे दोन वंशवृक्ष त्यांनी सादर केले. वृक्षाच्या मुळाशी कोणती मर्यादा घालावी हे डीएनए सांगू शकत नाही, याची ही प्रामाणिक मांडणी आहे. कमाल मर्यादेच्या निवडीने बदलणारे आकडे आणि न बदलणारे निष्कर्ष यांतील भेद त्यामुळे वाचकालाही करता येतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, डीएनए वंशशाखांमधील अंतर मोजतो. काळ मोजत नाही. अंतराचे काळात रूपांतर जीवाश्म आणि थरांची वये यांच्या आधारेच होते. दुसरी, डीएनएची सामग्री कितीही वाढविली तरी अंतराच्या मोजणीतील चूक तेवढी कमी होते. अंशांकनातील अनिश्चितता तशीच राहते. तिसरी, कोणत्याही विलगनकालाचा उल्लेख त्याचा पट्टा, वापरलेला जीवाश्म, त्याचे वृक्षातील स्थान आणि घड्याळाचे गृहीतक यांच्यासह झाला पाहिजे. या चार बाबींवाचून दिलेला आकडा अचूक भासला तरी पडताळता येत नाही. चौथी, तारखेवर आधारलेल्या कार्यकारणाच्या अनुमानांना शक्य तेथे समस्थानिकांसारख्या स्वतंत्र पुराव्याची जोड द्यावी.

रेणवीय जीवशास्त्राच्या प्रगतीमुळे पुराजीवशास्त्राचे महत्त्व घटले अशी समजूत काही वेळा दिसते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. लक्षावधी अक्षरांचे जनुकसंच वाचून झाल्यावरही भात आणि ज्वारी यांच्या विलगनाची तारीख दोन-अडीच कोटी वर्षांनी हलविण्याचे सामर्थ्य पिसदुरा येथील विष्ठेतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सिलिकाच्या खड्यांत होते. विदर्भातील लॅमेटा आणि दख्खनच्या लाव्हाथरांमधील गाळाचे थर या दृष्टीने जगाच्या वनस्पती-इतिहासाचे महत्त्वाचे दप्तर आहेत. त्यांतील प्रत्येक जीवाश्माची काळजीपूर्वक केलेली ओळख आणि वयनिश्चिती ही केवळ स्थानिक नोंद न राहता रेणवीय घड्याळ लावण्याचे साधन ठरते. प्रयोगशाळेतील क्रमवाचन आणि शिवारातील खडकांचे निरीक्षण यांचा मेळ घालणाऱ्या अभ्यासकांची म्हणूनच या क्षेत्राला गरज आहे.